त्रैक्य म्हणजे नक्की काय? एक देव, तीन व्यक्ती आणि १७०० वर्षं चाललेला वाद

नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे तुर्कस्तानातल्या इझनिकला गेले. तिथे तळ्याच्या काठाला एका जुन्या चर्चचे नुसते पाये उरलेत, त्या अवशेषांजवळ उभं राहून त्यांनी आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क (प्रमुख धर्मगुरू) बार्थोलोम्यू यांनी एकत्र प्रार्थना केली. फोटो सगळीकडे फिरले, पण प्रार्थनेसाठी एवढ्या लांब आणि नेमकं तिथेच का गेले हे बऱ्याच जणांना कळलं नाही. तर इझनिक म्हणजे जुनं निकाया, आणि सन ३२५ मध्ये तिथे सुमारे ३०० बिशप जमले होते ते एका प्रश्नासाठी: येशू देव आहे म्हणतो आपण, तर तो नेमका कसा देव आहे? पित्याइतकाच, की पित्यापेक्षा एक पायरी खाली?

त्या प्रश्नाच्या पोटातून जे बाहेर आलं त्याला त्रैक्य म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन, आणि तरी देव एकच. हे ऐकल्यावर समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, अहो तीन की एक ते आधी ठरवा ना. मलाही बरीच वर्षं हा शब्दांचा खेळ वाटायचा. पण हा वाद कसा सुरू झाला आणि कोण कशासाठी अडून बसलं होतं ते वाचत गेलो तसं मत बदललं. या लोकांपुढे तीन गोष्टी होत्या आणि त्यातली एकही त्यांना सोडवत नव्हती, एवढंच खरं आहे, बाकी सगळे अवघड शब्द नंतर आले.

तीन वाक्यं

पहिलं वाक्य, देव एकच आहे. हे यहुदी धर्मातून आलेलं, येशू स्वतः यहुदी, त्याचे पहिले शिष्यही यहुदी, आणि "परमेश्वर एकच" हे वाक्य ते रोजच्या प्रार्थनेत म्हणत मोठे झालेले, त्यामुळे दुसरा देव मानणं त्यांच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं.

दुसरं वाक्य, पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. कारण हेच एकेश्वरवादी लोक येशूला प्रार्थना करायला लागले होते. सन ११२ च्या आसपास प्लिनी नावाच्या रोमन गव्हर्नरने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पत्र लिहिणारा काही त्यांच्या बाजूचा नव्हता, तो त्यांची चौकशी करत होता, म्हणून मला ही साक्ष फार मोलाची वाटते.

तिसरं वाक्य, पिता म्हणजे पुत्र नाही आणि पुत्र म्हणजे आत्मा नाही. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, येशू पित्याशी बोलतो, त्याच्यापुढे व्याकूळ होतो, "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतो. हे तो स्वतःशीच बोलत होता असं म्हटलं तर त्या प्रसंगात काही अर्थच उरत नाही.

आता ही तिन्ही एकत्र धरून बघा. कुठलंही एक सोडलं की उरलेली दोन आरामात जुळतात. पहिलं सोडलं तर तीन देव. दुसरं सोडलं तर एक खरा देव आणि खाली दोन मोठे सेवक. तिसरं सोडलं तर एकच देव तीन रूपं घेणारा. इतिहासात यातले शेवटचे दोन मार्ग कुणी ना कुणी मनापासून धरलेच, आणि तीन देवांचा आरोप तर तिन्ही वाक्यं धरून ठेवणाऱ्यांवर आजपर्यंत होतोय.

पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण का चालत नाही

त्रैक्य समजावताना सगळ्यात जास्त वापरलं जाणारं उदाहरण हेच. पाणी एकच, पण कधी बर्फ, कधी द्रव, कधी वाफ. किंवा एकच माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कुणाचा बाप. ऐकायला छान वाटतं, लहान मुलांना पण पटतं, पण गंमत अशी की चर्चने जे मत अधिकृतपणे नाकारलं ते हुबेहूब हेच आहे.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सबेलियस नावाचा शिक्षक होता, त्याच्या नावाने हे मत ओळखलं जातं. एकच देव, तो आधी पिता म्हणून दिसला, मग पुत्र म्हणून, मग आत्मा म्हणून. याला सोप्या भाषेत रूपवाद म्हणू. यात अडचण अशी की तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ नसतं, आणि बर्फ वाफेशी बोलत नाही, तिच्यावर प्रेम करत नाही. शिवाय मग क्रूसावर मेला तो पिताच, असं म्हणावं लागतं. आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन या लोकांवर तुटून पडला तो याच मुद्द्यावर, आणि लॅटिनमध्ये "त्रिनितास" (त्रैक्य) हा शब्द रुळवण्याचं श्रेयही त्यालाच जातं, साधारण सन २०० नंतरची गोष्ट.

मग सूर्य, त्याचा प्रकाश आणि ऊब? हे उदाहरण जुने धर्मगुरूही वापरायचे आणि ते थोडं जास्त लांब जातं, कारण सूर्य आहे तेव्हापासून प्रकाश आहे, आधी नुसता सूर्य होता आणि मग त्याला प्रकाश सुटला असं होत नाही. पण ऊब ही कुणी व्यक्ती नसते, म्हणजे तिथेही ते अडतंच. माझं प्रामाणिक मत विचाराल तर उदाहरणं वापरावीत, फक्त प्रत्येक उदाहरणाबरोबर ते कुठे मोडतं तेही सांगावं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की समजलं, आणि समजलेलं असतं भलतंच.

आरियसचं म्हणणं काय होतं

आता मुख्य भांडण. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला आरियस नावाचा एक धर्मगुरू होता, वय झालेला, बोलायला गोड, साधं कडक आयुष्य जगणारा. साधारण ३१८ च्या सुमारास त्याचं त्याच्या बिशपशी, अलेक्झांडरशी, वाजलं. नंतरच्या काळात आरियसला खलनायक करून टाकलंय पण त्याचा मुद्दा नीट ऐकला पाहिजे, कारण तो आजही कुणाच्याही मनात येईल असा आहे.

तो म्हणायचा, देव म्हणजे ज्याला सुरुवात नाही. आणि पुत्र म्हणजे ज्याला कुणीतरी जन्म दिला. जन्म दिला म्हणजे सुरुवात झाली. मग पुत्र हा देव कसा? तो सगळ्या सृष्टीच्या आधी निर्माण झालेला, सर्वश्रेष्ठ, पण निर्माण झालेला. त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे, "तो नव्हता असा एक वेळ होता." त्याच्याकडे बायबलचे दाखले पण होते, येशू स्वतः म्हणतो "पिता माझ्यापेक्षा थोर आहे", आणि नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवाचं ज्ञान बोलतं की परमेश्वराने मला आरंभी निर्माण केलं (तिथला मूळ हिब्रू शब्द "मिळवलं" असाही वाचता येतो, पण सगळे ग्रीक भाषांतर वाचत होते आणि त्यात "निर्माण केलं"च होतं). आरियसने आपलं म्हणणं पद्यात बांधलं, खलाशी आणि दळण दळणारे लोक म्हणतील अशी गाणी केली असं जुने इतिहासकार सांगतात. म्हणजे हा वाद विद्वानांच्या खोलीत राहिला नाही, रस्त्यावर आला.

याला उत्तर देणाऱ्यांत पुढे सगळ्यात मोठं नाव झालं अथनासियसचं. तो निकायाला होता तो तरुण मदतनीस म्हणून, ३२८ मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. त्याचे दोन मुद्दे मला फार जोरकस वाटतात.

एक म्हणजे "पिता" या शब्दाचा. घरात पहिलं मूल जन्माला येतं त्या क्षणी बापही जन्माला येतो, आधी तो नुसता माणूस असतो. मग देव जर कायमचाच पिता असेल, कधीतरी मधूनच पिता "झाला" नसेल, तर पुत्रही कायमचाच असला पाहिजे. आरियसचं मानलं तर देव आधी एकटा होता आणि नंतर पिता झाला, म्हणजे पिता असणं ही देवाची वरवरची गोष्ट ठरते.

दुसरा मुद्दा तारणाचा, म्हणजे माणसाच्या उद्धाराचा, आणि खरी कळ इथेच आहे. ख्रिस्ती माणसाचा विश्वास असा की येशूमध्ये देव स्वतः माणसाकडे आला. आरियस बरोबर असेल तर देव स्वतः आलाच नाही, त्याने दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. कितीही मोठा असला तरी तो दूतच. मग माणूस आणि देव यांच्यातलं अंतर तसंच राहिलं. आजारी माणसाला बघायला त्याचा मुलगा स्वतः येणं आणि मुलाने कुणाच्या तरी हातून निरोप धाडणं, यात जो फरक आहे ना, त्या फरकासाठी अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला, आयुष्यातली जवळपास सतरा वर्षं त्याने आपल्या शहराबाहेर काढली.

निकायात ठरलं काय

परिषदेने एक विश्वासांगीकार लिहिला, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचं छोटं जाहीर निवेदन. त्यात पुत्राबद्दल दोन गोष्टी घातल्या. पहिली, तो "जन्मलेला, घडवलेला नव्हे". कुंभार मडकं घडवतो, मडकं कुंभाराच्या जातकुळीचं नसतं, पण कुंभाराला मुलगी झाली तर ती त्याच्याइतकीच माणूस असते, पाऊणमाणूस नसते. जन्म आणि घडवणं यातला फरक एवढाच. फक्त इथे जन्म काळात घडलेला नाही, आधी आणि नंतर असं काही नाही, कायमचं नातं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तो प्रसिद्ध ग्रीक शब्द, होमोऊसिओस, अर्थ "एकाच तत्त्वाचा". पित्याचं देवपण आणि पुत्राचं देवपण वेगवेगळं नाही, एकच. शेवटपर्यंत सही न करणारे दोनच बिशप राहिले, थिओनस आणि सेकुंडस, दोघेही लिबियाकडचे, आणि त्यांना आरियससोबत हद्दपार केलं.

पण वाद मिटला असं कुणाला वाटत असेल तर नाही, खरा धुरळा त्यानंतर उडाला. "एकाच तत्त्वाचा" हा शब्द बायबलमध्ये नाही म्हणून बऱ्याच जणांना खटकत होता, आणि काहींना त्यात सबेलियसचा वास यायचा. मग मधला मार्ग म्हणून काही जण म्हणाले होमोइऊसिओस म्हणू, म्हणजे "सारख्या तत्त्वाचा". ग्रीकमध्ये फरक फक्त एका इओटाचा, सगळ्यात बारक्या अक्षराचा. पुढे लोकांनी थट्टा केली की एका अक्षरासाठी एवढं भांडण, पण आपल्या भाषेत "दिन" आणि "दीन" यात तरी केवढा फरक दिसतो? "आमचं तत्त्व सारखं आहे" आणि "आमचं तत्त्व एकच आहे" ही दोन वाक्यं एक नाहीत.

अर्धं भांडण भाषांतराचं

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. ग्रीक बोलणारे म्हणायचे देवात तीन हिपोस्टासिस आहेत, त्यांना म्हणायचं असायचं तीन व्यक्ती. तो शब्द लॅटिनमध्ये शब्दशः नेला तर होतो सबस्टान्शिया, म्हणजे तत्त्व. झालं, रोमकडच्या लोकांना ऐकू यायचं "तीन तत्त्वं", म्हणजे तीन देव! उलट लॅटिनवाले म्हणायचे तीन पर्सोना, म्हणजे व्यक्तीच, आणि त्याच्या ग्रीक जोडशब्दाचा मूळ अर्थ चेहरा, मुखवटा. ग्रीकांना ऐकू यायचं "एक देव, तीन मुखवटे", म्हणजे पुन्हा सबेलियस. दोघंही एकच गोष्ट सांगतायत आणि दोघंही समोरच्याला पाखंडी समजतायत.

३६२ मध्ये अलेक्झांड्रियात एक छोटी परिषद झाली, तिथे म्हाताऱ्या झालेल्या अथनासियसने दोन्ही गटांना विचारलं, तुम्ही हा शब्द वापरता तेव्हा तुम्हाला म्हणायचंय काय? उत्तरं ऐकल्यावर लक्षात आलं की अर्थ एकच आहे. आयुष्यभर एका शब्दासाठी हद्दपाऱ्या सोसलेला माणूस म्हणतो की शब्द वेगळे असले तरी चालतील, अर्थ जुळतोय ना. त्याच्या सगळ्या भांडणांपेक्षा मला ही एक बैठक मोठी वाटते.

मग बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियानझसचा ग्रेगरी, या तिघांनी भाषा पक्की केली: एक तत्त्व, तीन व्यक्ती. "तत्त्व" हे "काय आहे" याचं उत्तर, "व्यक्ती" हे "कोण आहे" याचं उत्तर. देव काय आहे विचारलं तर उत्तर एक, कोण आहे विचारलं तर तीन. मराठीत मात्र "व्यक्ती" म्हटलं की डोळ्यापुढे तीन वेगवेगळी माणसं येतात आणि तिथे गाडी चुकते. आणि तो शब्द मुळात "व्यक्त" वरून आलेला, व्यक्त होणं म्हणजे प्रकट होणं, म्हणजे मुळाकडे गेलं तर तो रूपवादाकडे झुकतो आणि रोजच्या अर्थाने घेतला तर तीन देवांकडे. पण दुसरा बरा शब्द नाही, लॅटिनमध्ये लिहिणारा धर्मपंडित ऑगस्टिन, त्याने पण हेच कबूल केलंय की आम्ही "तीन व्यक्ती" म्हणतो ते गप्प बसायला लागू नये म्हणून.

३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला दुसरी परिषद झाली, त्यात पवित्र आत्म्याबद्दलचा भाग वाढवला, तो "प्रभू आणि जीवनदाता" आहे, पिता-पुत्राबरोबर त्याचीही उपासना होते. आज चर्चमध्ये जो निकायाचा विश्वासांगीकार म्हणतात तो खरं तर या ३८१ च्या रूपातला.

पण हे सगळं सम्राटाने ठरवलं ना?

ऑनलाइन हे फार ऐकू येतं, रोमन सम्राट कॉन्स्टँटाइनने मतदान घेऊन येशूला देव केलं. यात थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. परिषद त्याने बोलावली, खर्च त्याने केला, हद्दपाऱ्या त्याने केल्या, हे खरं. पण येशू देव आहे का नाही असा प्रश्न तिथे नव्हताच, आरियसही त्याला एका अर्थाने देव म्हणत होता, प्रश्न होता कोणत्या अर्थाने. आणि सम्राटाला सुरुवातीला हे भांडण क्षुल्लक वाटत होतं, तसं त्याने दोन्ही बाजूंना पत्रात लिहिलंय, त्याला हवी होती शांतता. पुढे त्यानेच आरियसला परत बोलावलं, आणि ३३७ मध्ये मरायच्या आधी बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या बाजूच्या बिशपच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघड निकायाच्या विरोधात होता. शेवटी निकायाचा पक्ष कायद्याने पक्का केला तो थिओडोसियस सम्राटाने, ३८० मध्ये, त्यामुळे सत्तेचा हात अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही, पण सत्ता पन्नास वर्षांत दोन्ही बाजूंना झुकली होती हे विसरून चालणार नाही.

बायबलमध्ये त्रैक्य हा शब्दच नाही, मग?

नाही, खरंच नाही. मत्तयाच्या शेवटी पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या असं आहे, योहानाच्या सुरुवातीला "शब्द देव होता" आहे, पण "एक तत्त्व तीन व्यक्ती" कुठेच नाही. उलट योहानाच्या पहिल्या पत्रात (५:७) स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं जे वाक्य जुन्या भाषांतरांत दिसतं ते मूळ ग्रीक हस्तलिखितांत नाही, नंतर घुसलंय, डच विद्वान इरॅस्मसने १५१६ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत ते घेतलंच नव्हतं, दबाव आल्यावर १५२२ मध्ये घातलं. हे ख्रिस्ती विद्वान आज सरळ मान्य करतात आणि करायलाच पाहिजे. त्रैक्य मानणाऱ्यांचं उत्तर असं की शब्द नंतरचा आहे पण ती तीन वाक्यं बायबलमधलीच आहेत, आणि गुरुत्वाकर्षण हा शब्द यायच्या आधीही दगड खालीच पडत होता.

मग हे ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच का?

आकडा तीन आहे म्हणून मनात येतं, पण रचना वेगळी. त्रिमूर्तीत कामं वाटलेली आहेत, निर्मिती, पालन, संहार. त्रैक्यात कामं वाटत नाहीत, जे काही होतं ते तिघांचं मिळून एकच काम असतं, असं निस्साच्या ग्रेगरीने ठासून सांगितलंय. फरक कामात नाही, नात्यात आहे: एक जन्म देणारा, एक जन्मलेला, एक निघणारा. आणि १+१+१ वालं गणित तिथे लागतच नाही, कारण तीन वेगळ्या वस्तू शेजारी ठेवून मोजणं हा प्रकारच नाही.

ज्यांना पटलं नाही

यहुदी आणि मुस्लिम विचारवंतांचा आक्षेप पहिल्या वाक्याचा, की शेवटी तुम्ही देवाचं एकपण सोडलंच. पण ख्रिस्ती लोकांतही न पटणारे कायम होते आणि त्यांच्याशी जे झालं त्याची लाज वाटली पाहिजे. मायकेल सर्व्हेटस नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने त्रैक्यावर टीका लिहिली, त्याला २७ ऑक्टोबर १५५३ ला जिनिव्हात जिवंत जाळलं. ज्या शिकवणीचा गाभा नातं आणि प्रेम आहे म्हणता तिच्या नावाने माणूस जाळता, याचं समर्थन कुठल्याच युक्तिवादाने होत नाही. ट्रान्सिल्व्हेनियात फेरेन्स डाविडने एकत्ववादी, म्हणजे फक्त पित्यालाच देव मानणारं चर्च उभं केलं, तो १५७९ मध्ये तुरुंगात मेला.

आणि एक किस्सा बंगालमधला. १८२१ च्या आसपास विल्यम अ‍ॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉय यांच्यासोबत शुभवर्तमानाचं बंगाली भाषांतर करत होता. योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनाशी अडलं, सगळं काही "त्याने" झालं की "त्याच्याद्वारे" झालं? एका विभक्तीचा प्रश्न. चर्चा करता करता अ‍ॅडमलाच त्रैक्य पटेनासं झालं आणि मिशनरीच एकत्ववादी होऊन बसला.

अजून काय अडलंय

पूर्व (ऑर्थोडॉक्स) आणि पश्चिम (रोमकडच्या) चर्चमध्ये एक शब्द अजून अडकलाय. ३८१ च्या मजकुरात आत्मा "पित्यापासून" निघतो असं आहे, पश्चिमेकडे हळूहळू त्यात "आणि पुत्रापासून" जोडलं गेलं, १०१४ मध्ये रोमनेही ते मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, घेतलं. ऑर्थोडॉक्स लोकांचं म्हणणं, एक तर न विचारता सगळ्यांचा मजकूर बदललात, आणि दुसरं म्हणजे पिता हाच एकमेव उगम हे तत्त्व मोडलंत. पूर्व-पश्चिम चर्चच्या १०५४ च्या फाटाफुटीत हा मुद्दा होताच. २०२४ मध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या संयुक्त आयोगाने सुचवलं की मूळ ग्रीक मजकुराचं भाषांतर, त्या जोडशब्दाशिवाय, वापरावं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लोकांत आणखी एक वाद पेटला: पुत्र कायमचाच पित्याच्या आज्ञेत आहे का? काही जण हो म्हणाले आणि त्यावरून लगेच, बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहणं हे देवातल्याच नात्याचं प्रतिबिंब आहे, इथपर्यंत गेले. विरोधकांनी विचारलं की एक जण कायमचा हुकूम देणारा आणि दुसरा कायमचा पाळणारा असेल तर इच्छा दोन झाल्या ना, मग एक तत्त्व कुठे राहिलं? मला विरोधकांचं पटतं. घरात कुणी कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवून मग देवात तेच शोधायला गेलं तर सापडणारच, आणि त्या नादात दुसरं वाक्य, पुत्र देव आहे, हातातून हळूच निसटतं, सन ३१८ मध्ये अलेक्झांड्रियात निसटत होतं तसंच.